दोरी गेली, खुर्ची कुठाय?

गेल्या अंकात आपल्याच एका मित्रानं लिहिलं की यंत्र आलं म्हणजे आपल्या पोटावर पाय आला, तेव्हा यंत्र फोडा. कविता म्हणून ठीक. सभेत म्हटली तर टाळ्या पडतील, शिट्ट्यापण पडतील. पण दोस्ता, तू ज्या यंत्राबद्दल बोलतोयस ते जवळून बघितलंयस का? मी बघितलंय. मी ते जहाजाच्या पोटातनं उतरवतो. त्याच्या साखळ्या सोडताना माझी बोटं सोलवटतात. म्हणून हे उत्तर. कवितेला कवितेनंच उत्तर द्यायचं मनात होतं, पण या विषयाला आकडे लागतात, आणि माझ्या कवितेत आकडे घातले की ती रेशनच्या यादीसारखी दिसायला लागते.

दोन महिन्यांपूर्वीची रात्रपाळी. जहाजात तीन बुलडोझर आणि एक ग्रेडर. ग्रेडर म्हणजे ते लांबलचक धूड, मधोमध तिरकं पातं, रस्त्याची माती-मुरूम सारखा करणारं. आमची टोळी साखळ्या सोडत होती. एका बुलडोझरच्या टपावर पांढरी गोल वाटी पालथी घातल्यासारखं काहीतरी दिसलं. मी हात लावायला गेलो तर मालवाल्याच्या बाजूनं आलेला एक पोरगा ओरडला, "ए, हात लावू नको! तुझ्या दोन वर्षांच्या पगाराचं आहे ते." पोरगा माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान. मी त्याला अहोजाहो करायचं, त्यानं मला अरेतुरे. माझा पगार मात्र त्याला न विचारता बरोबर माहीत.

पण पोरगा मनानं वाईट नव्हता. चहाला बसलो तेव्हा सगळं सांगितलं त्यानं. नंतर मी वाचूनही काढलं. मॅट्रिक झालोय, वाचता येतं.

आभाळात साधारण २०,२०० किलोमीटरवर अमेरिकेच्या लष्करानं सोडलेले उपग्रह फिरताहेत. पहिला १९७८ साली वर गेला. प्रत्येकाच्या पोटात अणुघड्याळ. तो सारखा बोंबलत असतो, मी इथं आहे, आत्ता इतके वाजलेत. ती पांढरी वाटी हे ऐकते आणि बोंब खाली यायला किती वेळ लागला ते मोजते. वेळेवरून अंतर निघतं. तीन उपग्रहांच्या अंतरावरून जागा कळते, आणि चौथा लागतो तो खालच्या स्वस्तातल्या घड्याळाची चूक काढायला. कारण घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानं जरी चुकलं तरी अंतर ३०० मीटरनं चुकतं.

२००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका साध्या माणसाला मिळणारा संदेश मुद्दाम नासवून देत होती. चोख संदेश लष्कराला, नासका लोकांना. हे वाचून मला हसूच आलं. पाणवठा वेगळा ठेवायची अक्कल फक्त आपल्याच देशातल्या लोकांना सुचते असं नाही.

आता संदेश चोख मिळाला तरी नुसत्या एका वाटीची चूक काही मीटरची राहते. मीटरभर चुकलेला रस्ता कोण घेणार? म्हणून साइटवर दुसरी एक वाटी तिवईवर कायमची उभी करतात. तिची जागा आधीच पक्की मोजलेली असते. आपण कुठं उभे आहोत हे तिला ठाऊक, त्यामुळं आभाळातलं गणित या क्षणाला किती चुकतंय हेही तिला कळतं. ती चूक ती रेडिओवरून यंत्राला कळवत राहते. शिवाय संदेश ज्या लाटेवर बसून येतो, ती जेमतेम १९ सेंटिमीटर लांबीची लाटच मोजून काढतात. एवढं केल्यावर चूक उरते दोन-एक सेंटिमीटर. तुझ्या अंगठ्याच्या रुंदीएवढी.

कॅबमध्ये पडदा. त्यात रस्त्याचा नकाशा, खाचखळगे-चढउतारासकट भरलेला. पात्याचं टोक आत्ता कुठं आहे आणि कुठं पाहिजे हे यंत्राला कळतं, आणि पातं वर-खाली ते स्वतः करतं. ड्रायव्हरनं फक्त पुढं न्यायचं, मागं आणायचं. खोदायचं यंत्र असेल तर बादली ठरलेल्या तळाला पोचली की आपोआप अडते. एक फावडं माती जास्तीची निघत नाही.

हे झालं यंत्र. आता याच्याआधी काय होतं ते ऐक. कारण तुझ्या कवितेत तेच नाही.

याच्याआधी माझा चुलता होता. नाना. मराठवाड्यात रस्त्याच्या कामावर बावीस वर्षं. साहेब तिवईवरच्या दुर्बिणीला डोळा लावायचा, आणि दोनशे पावलांवर नाना आकड्यांची उंच पट्टी सरळ धरून उभा. साहेबाच्या डोक्यावर छत्री, नानाच्या डोक्यावर ऊन. साहेब हात हलवणार, नाना खुंटी ठोकणार. खुंटीवर खूण करायची, खुंटीखुंटीला दोरी ताणायची, चुन्याची रेघ मारायची. ग्रेडरवाला त्या दोरीकडं बघून पातं चालवणार. मुरमाचा थर झाला की परत खुंट्या, परत दोरी. खडीचा थर झाला, परत. मधेच एखादा डंपर खुंटी उडवून जायचा, मग शिव्या नानाला. त्या बावीस वर्षांत नानानं एकदाच दुर्बिणीला डोळा लावला, साहेब लघवीला गेला होता तेव्हा. परत आल्यावर साहेबानं खिशातनं रुमाल काढला आणि काच पुसली. बोलला काहीच नाही. नाना ही गोष्ट हसत सांगतो. मला अजून हसता आलेलं नाही.

मग एका रात्री ग्रेडर मागं येत होता आणि नाना वाकून दोरी ताणत होता. चाक डाव्या पायावरनं गेलं. ठेकेदारानं दवाखान्याचं बिल भरलं, वर आठ हजार रुपये दिले, आणि हजेरीपत्रकात बघितलं तर त्या दिवशी नानाचं नावच नाही. म्हणजे पाय मोडला तो कुणाचा? जो कामावर नव्हताच त्याचा.

तेव्हा दोस्ता, ती दोरी माझ्या नात्यागोत्यातली नाही. ती गेली तर मी तेराव्याचं जेवण घालणार नाही. घमेलं, टिकाव, पाटी यांच्यावर ज्यांनी कवनं रचली त्यांच्या बापजाद्यांनी ती डोक्यावर घेतलेली नव्हती. घामाची पूजा ज्याला घाम येत नाही त्यानं करावी. बाबासाहेबांनी १९४५ साली गांधीवादाचा पंचनामा करताना हेच ठणकावलं होतं, की यंत्राला शाप देऊन माणसाचं जनावराचं जिणं संपणार नाही. दोष यंत्राचा नाही, ते ज्या समाजाच्या हातात आहे त्याचा. आपण त्यांचा फोटो लावतो आणि यंत्र फोडायच्या कविता छापतो. एक काहीतरी करा.

पण मग दुसरी टोळी आहे. कोटवाली. ती म्हणते, प्रगती झाली, आता तक्रार कशाला? त्यांच्याशीही माझं भांडण आहे, आणि ते जास्त मोठं आहे.

ही यंत्रं पुढं आली जपानसारख्या देशात. तिथल्या कोमात्सु कंपनीनं २०१३ साली पातं आपोआप चालवणारा बुलडोझर बाजारात आणला. २०१६ साली तिथल्या सरकारनंच बांधकामात हे सगळं आणायचा कार्यक्रम हाती घेतला. का? तर तिथं बांधकामावरचे लोक म्हातारे झालेत आणि तरुण पोरं यायला तयार नाहीत. माणूस नाही म्हणून यंत्र. सरळ हिशेब आहे, मला त्यात खोट दिसत नाही.

आता आपल्याकडं. केंद्राच्या रस्ते मंत्रालयानं लखनौ-कानपूरच्या ६३ किलोमीटरच्या द्रुतगती रस्त्यावर हा प्रयोग लावला. उपग्रहावर चालणारा ग्रेडर, माती किती दबली ते स्वतः मोजणारा रोलर, दोरीशिवाय चालणारा पेव्हर. कारण काय दिलं? कामं रखडतात, जुन्या यंत्रांनी उरक नाही, कामाची नोंद वेळेवर मिळत नाही. हेही खोटं नाही. पण माणसाचा तोटा? सकाळी साडेआठला कुठल्याही मजूर नाक्यावर जाऊन उभा राहा. एक टेम्पो थांबला की चाळीस माणसं धावतात. तोटा आहे तो माणसाला मोजण्याचा.

मोजण्याचंच बोलू. या नव्या यंत्राची खरी करामत पातं हलवण्यात नाही, नोंद ठेवण्यात आहे. किती वाजता चालू झालं, किती वाजता बंद झालं, किती फेऱ्या मारल्या, कुठल्या जागी किती माती उचलली, सगळं आपोआप लिहिलं जातं आणि दूर ऑफिसात बसलेल्याला त्याच वेळी दिसतं. सरकार म्हणतं, ही माहिती संबंधित सर्वांना मिळेल. सर्वांना म्हणजे कुणाला? मंत्रालयाला, ठेकेदाराला, सल्लागार इंजिनिअरला. रोलरच्या मागं डांबराचा झारा घेऊन चालणारी बाई संबंधित नाही. तिचा त्या रस्त्याशी संबंध फक्त तळपायाचा.

अरे, इथंच त्यांची मानगूट आपल्या हातात येते, हे कसं कुणाच्या लक्षात येत नाही? ठेकेदार हजेरीपत्रकात आठ तास लिहितो. यंत्राच्या पोटात लिहिलेलं असतं, सकाळी सहा ते रात्री दहा. यंत्र सोळा तास चाललं तर त्याच्या मागंपुढं राबणारी माणसं घरी जाऊन झोपली होती का? पाळी बदलली असेल तर दुसऱ्या पाळीची नावं दाखव. नानाच्या वेळी नोंद एकच होती आणि ती ठेकेदाराच्या कारकुनाच्या हातात होती. आता दुसरी नोंद आहे, तीही सेकंदासकट, आणि ती खोडरबरानं खोडता येत नाही. १९४६ साली आठवड्याला ४८ तासांचं कारखाना विधेयक मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी मांडलं. त्या ४८ तासांचा पुरावा आज यंत्रात आहे आणि आपण ते यंत्र फोडायला निघालोय! च्यायला, चोराच्या घरातली वही जाळायला आपणच काडेपेटी घेऊन जायचं?

समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ १ ऑगस्ट २०२३ ला मध्यरात्रीच्या सुमाराला गर्डर चढवणारं यंत्र कोसळलं. २० माणसं गेली. मध्यरात्री. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता जून २०२५ मध्ये पुरा झाला, फिती कापल्या, मुंबईहून नागपूरला आठ तासांत जाता येतं हे सगळ्यांना पाठ आहे. ते बांधणाऱ्याच्या दिवसाचे तास किती होते ते पाठ असलेला मला एक माणूस दाखव.

आता मला सगळ्यात जास्त चक्रावून सोडलं त्या गोष्टीकडं येतो. तो पोरगा सहज बोलून गेला, "ह्याचं डावं-उजवं एकदम पक्कं असतं, उंची तेवढी पक्की नसते." मी म्हटलं का? तर म्हणाला, उपग्रह सगळे डोक्यावर. पूर्वेला आहेत, पश्चिमेला आहेत, म्हणून आडवी जागा दोन्ही बाजूंनी ताणून पक्की होते. पण पायाखाली एकही नाही. मधे पृथ्वी आडवी. खालून बघणारं कुणी नसल्यामुळं वर-खाली मोजताना चूक वाढते, आडव्याच्या दीडपट-दुप्पट. म्हणून रस्त्याचा शेवटचा थर टाकायचा असला, मिलिमीटरचा हिशेब आला, की नुसत्या आभाळावर भागत नाही. जमिनीवर तिवई लावून, लेसरची साथ घेऊन मोजावं लागतं.

मी चहाचा ग्लास हातात धरून तसाच बसलो. मुकादम म्हणाला, "काय कवी, लागली का तंद्री?" तंद्री कसली! नुसतं वरून बघितलं तर उंच-नीच नीट मोजता येत नाही, हे या देशात आपण किती वर्षं ओरडून सांगतोय. जातीचा प्रश्न संपला म्हणणारे सगळे वरनंच बघतात. त्यांची आडवी मापं पक्की असतात, किती किलोमीटर रस्ता, किती पूल, किती बोगदे. उभं माप विचारलं की चुकतात. इंजिनिअरला हे कळलंय. तो आपली चूक कबूल करतो आणि जमिनीवर तिवई लावतो. बाकीच्यांना कधी कळणार?

आणि उपग्रहाचा संदेश जमिनीखाली पोचत नाही. वाटीला आभाळ दिसावं लागतं. गटारात आभाळ दिसत नाही. रस्त्याच्या वरच्या अंगाला बादली अंगठ्याएवढ्या चुकीनं थांबवायची विद्या आली, त्याच रस्त्याच्या खाली माणूस अजून दोरी बांधून मॅनहोलमध्ये सोडला जातो. बघ, दोरी गेली म्हणालो ना मी? पुरती गेलेली नाही. १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला दुसरा झाला, २० ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गटारात मेलेल्याच्या घरच्यांना ३० लाख द्या. मेल्यावरचा भाव ठरला. जिवंतपणी तिथं यंत्र उतरवायला विद्या कमी पडते असं कुणी म्हणत असेल तर त्याला आमच्या गोदीत घेऊन या, मी जहाजातनं काय काय उतरवतो ते दाखवतो. मुरमाचा थर चुकला तर बिल अडतं. माणूस गेला तर बिल अडत नाही. एवढाच फरक आहे.

मग करायचं काय? आमच्या गोदीत एकदा चूक झालेली आहे, ती सांगतो.

माझा आज्या गोदीत नोंदणीचा कामगार. १९४८ च्या कायद्यानं डॉक लेबर बोर्ड आलं, त्याच्या आधारानं आज्याला हजेरी मिळाली, काम नसलं तरी पगार मिळाला. आकड्यानं पोती ओढून त्याच्या तळहाताचं चामडं चपलेसारखं झालेलं. मग कंटेनर आले. १९८९ ला पलीकडं न्हावा-शेवाचं बंदर उघडलं. पोत्याच्या जागी लोखंडी पेटी, टोळीच्या जागी क्रेन. आज्या सांगायचा, आम्ही भांडलो ते टोळीतली माणसं कमी करू नका म्हणून. भांडून मिळवलंही. पेट्या क्रेन उचलायची आणि टोळी सावलीत बसून हजेरी घ्यायची. आज्याच्या टोळीला वाटलं आपण जिंकलो. पण क्रेनच्या खुर्चीत कोण बसणार, हे त्या टोळीतल्या एकानंही विचारलं नाही. आज्या निवृत्त झाला, त्याची हजेरी त्याच्याबरोबर गेली. माझा बाप बदली कामगार म्हणून झिजला. मी ठेकेदाराकडं रोजावर आहे. तीन पिढ्या एकाच गोदीत आणि खुर्चीवर एकही नाही.

म्हणून मी खुर्ची मागतो. आज त्या यंत्रात बसायला पूर्वीसारखं दहा वर्षांचं हाताचं कसब लागत नाही. जुना ग्रेडरवाला उस्ताद असायचा, पोराला शिकवायचा, पुतण्याला शिकवायचा, परक्याला नाही. ते कसब आता यंत्राच्या पडद्यात आलंय. याचं दुःख उस्तादाला असेल, मला त्याचीही कणव आहे. पण ज्याला कुणी उस्ताद कधी मिळालाच नाही, त्याच्यासाठी ही फट आहे. नानाला जमीन कळत होती. मुरूम ओला किती, दबेल किती, पाणी कुठं साचेल, हे तो पायानं सांगायचा. त्याला पडदा शिकवायला किती दिवस लागले असते? साहेबांना जमीन शिकवायला त्याहून जास्त लागतात.

सरकारी कामाच्या टेंडरात शंभर अटी असतात. रोलर किती टनाचा, डांबर किती अंशाचं. त्यात आणखी लिहा, की खुंट्या-दोरीवरची जेवढी माणसं या यंत्रानं मोकळी केली, त्यांना पगारी रजेवर नेऊन हेच यंत्र शिकवायचं, आणि आधी त्यांना बसवायचं. पैसा कुठनं आणायचा? १९९६ च्या कायद्यापासून बांधकामाच्या खर्चावर मजुरांच्या नावानं उपकर गोळा होतोय, त्याचं काय करता? आणि यंत्राच्या तासांची नोंद साइटवर फळ्यावर लावा, रोजच्या रोज, मराठीत आणि हिंदीत. नाही लावली तर आपण मागायची. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आपल्या पोरांनी कवितेच्या वहीतला एक कागद फाडून तो लिहावा. ज्या मित्रानं यंत्र फोडायची कविता लिहिली, त्याचं अक्षर चांगलं आहे, पहिला अर्ज त्यानं लिहावा.

त्या रात्री बुलडोझर ट्रेलरवर चढवायचा होता. पोरगा खाली कागद भरत होता. मी म्हटलं, साहेब, आत बसून बघू का? त्यानं इकडंतिकडं बघितलं, म्हणाला, दोन मिनिटं, कशाला हात लावू नकोस. मी चढलो. खुर्चीवर अजून प्लास्टिक होतं. बसल्यावर ते चुरचुरलं. समोर पडदा, त्यात एक चौकट, आणि चौकटीत परवलीचा शब्द मागत होता. मी खाली ओरडून विचारलं, हे काय टाकायचं? तो हसला. म्हणाला, ते तुला कशाला पाहिजे?

पुढच्या आठवड्यात आणखी दोन येताहेत. मुकादमाकडं मी त्या पाळीला नाव लावलंय.